ताप, औषध आणि आजोळचा वारसा

लहान मुलांच्या आजारपणाबद्दल सध्या एक वाद जोरात आहे आणि तो ज्या पद्धतीने घातला जातोय ते पाहून मला मनापासून काळजी वाटते. एक बाजू म्हणते, अँटिबायोटिकचा प्रत्येक कोर्स मुलाच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवर, घाला घालतो. मूल पुढे किरकिरं, दमलेलं, अशक्त राहतं ते त्यामुळेच. तेव्हा संसर्ग अंगावर काढू द्यावा, शरीर आपोआप शिकतं. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे. औषधं तपासूनच बाजारात येतात, आईवडिलांनी शंका काढत बसू नये, सांगितलेला डोस मुकाट द्यावा. दोन्हीकडची माणसं मुलांच्या काळजीपोटीच बोलतात, हे मी मान्य करते. पण दोघंही सरसकट बोलतात, आणि या विषयात सरसकट बोलण्यानेच मुलांचं नुकसान होतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. संसर्गावरची काही औषधं मायटोकॉन्ड्रियाला इजा करू शकतात, हे खरं आहे. कोणतं औषध, कोणत्या मुलाला, किती दिवसांत, हेही आता पुष्कळसं कळलेलं आहे. आणि कळलेलं आहे म्हणूनच औषध नाकारण्याची गरज नाही. गरज आहे ती औषध टोचण्याआधी नेमके प्रश्न विचारण्याची, शक्य तिथे तपासणी करण्याची, आणि आईवडिलांनी ती हक्काने मागण्याची. शिवाय मायटोकॉन्ड्रियावरचा सर्वांत मोठा घाव बहुतेक वेळा औषधाचा नसतोच. तो उपचाराविना वाढू दिलेल्या संसर्गाचा असतो.

शाळेत आपण तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर एवढं पाठ केलं आणि पुढच्या धड्याकडे वळलो. खरी गोष्ट त्याच्या मागे आहे. हा मायटोकॉन्ड्रिया मुळात आपला नव्हेच. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एक स्वतंत्र जिवाणू दुसऱ्या पेशीच्या पोटात शिरला आणि तिथलाच होऊन राहिला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं, त्याआधी त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज ते सर्वमान्य आहे, कारण त्या जुन्या बिऱ्हाडकरूच्या खुणा अजून शाबूत आहेत. त्याचा स्वतःचा डीएनए आहे, जिवाणूच्या डीएनएसारखा वर्तुळाकार. १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये माणसाच्या या डीएनएचा सगळा क्रम वाचून झाला. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं, आणि त्यांपैकी फक्त १३ जनुकं प्रथिनं बनवणारी. ती १३ प्रथिनं बनवायला मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा रायबोसोम आहे, आणि त्याची ठेवण पेशीतल्या इतर रायबोसोमपेक्षा जिवाणूच्या रायबोसोमशी जास्त मिळतीजुळती आहे.

आता बघा. जिवाणूंवरची कितीतरी औषधं जिवाणूच्या रायबोसोमलाच जाऊन चिकटतात आणि त्याचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतात. मग तेच औषध आपल्या पेशीत राहणाऱ्या जिवाणूच्या वंशजाला का सोडेल? ही शंका रास्त आहे. ती विचारणाऱ्या आईला 'इंटरनेटवर फार वाचत जाऊ नका' असं सांगून गप्प करणं मला पटत नाही. तिचा प्रश्न जीवशास्त्राच्या अगदी गाभ्यातून आलेला आहे.

या शंकेच्या बाजूचा भक्कम पुरावाही आधी मांडते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, अँपिसिलिन आणि कॅनामायसिन ही तीन वेगवेगळ्या जातींची औषधं मानवी पेशींवर आणि उंदरांवर तपासली. तिन्हींमुळे मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडलं आणि पेशींमध्ये ऑक्सिडेशनमुळे होणारी इजा वाढली. २०१५ मध्ये टेट्रासायक्लिन गटाच्या औषधांबद्दल असंच दिसलं, आणि तेही माणसाच्या पेशींपासून वनस्पतींपर्यंत. ही कामं गंभीर नियतकालिकांत छापून आली आहेत. ती थोतांड नाहीत.

पण यावरून 'प्रत्येक अँटिबायोटिक प्रत्येक मुलाची ऊर्जा कायमची हिरावून घेतं' हा निष्कर्ष निघतो का? नाही निघत. बशीतल्या पेशीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं. तिथे औषध दिवसेंदिवस तसंच भिजत राहतं. मुलाच्या शरीरात ते काही तासांत उतरणीला लागतं, आणि खराब झालेला मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढून नवा उभा करण्याचं काम पेशी रोजच करत असतात. दुसरं म्हणजे साम्य आहे म्हणून सगळं तसंच आहे असं होत नाही. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं जिवाणूची भिंत पाडतात, आणि मायटोकॉन्ड्रियाने ती भिंत केव्हाच टाकून दिलेली आहे. ॲझिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं रायबोसोमच्या ज्या खाचेत बसतात तिथे जिवाणूत एक ठरावीक अक्षर असतं, आपल्या मायटोकॉन्ड्रियात त्या जागी दुसरं आहे. तेवढ्या एका अक्षराच्या फरकाने औषधाची पकड सैल होते. बेडाक्विलिन हे क्षयाचं औषध तर थेट ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रावर, एटीपी सिंथेजवर, घाव घालतं. तसंच यंत्र आपल्याकडेही आहे, तरी क्षयाच्या जंतूचं यंत्र त्या औषधाला हजारो पटींनी अधिक संवेदनशील आहे. म्हणजे नातं सगळ्यांशी आहे, धोका मात्र सगळ्यांकडून सारखा नाही.

मग खरा धोका कुठे आहे? तिथे मात्र मी जराही सौम्य बोलणार नाही.

क्लोरँफेनिकॉल १९४७ मध्ये सापडलं तेव्हा विषमज्वराने जाणाऱ्या मुलांना त्याने अक्षरशः परत आणलं. मग तेच औषध नवजात बाळांना मोठ्यांच्या हिशेबाने दिलं गेलं. बाळाचं यकृत ते औषध निकामी करण्याइतकं तयार झालेलं नसतं. ते अंगात साठत गेलं, मायटोकॉन्ड्रियाचं काम थांबलं, आणि बाळं राखाडी पडून दगावली. १९५९ मध्ये ही गोष्ट नीट नोंदली गेली आणि तिला नावच मिळालं, ग्रे बेबी सिंड्रोम. लिनेझोलिड हे त्यामानाने नवं, २००० सालापासून वापरात आलेलं. दहाबारा दिवस दिलं तर बहुतेकांना झेपतं, पण हट्टी क्षयासाठी ते महिनोन्‌महिने द्यावं लागतं, आणि चार आठवडे उलटल्यावर डोळ्याचा मज्जातंतू, हातापायांच्या नसा, रक्तातलं लॅक्टिक आम्ल यांवर बारीक नजर ठेवावी लागते. औषध तेच आणि मूलही तेच, फक्त दिवस वाढले की हिशेब बदलतो. पिव्हलेट नावाचं रसायन जोडलेली काही अँटिबायोटिक शरीरातलं कार्निटिन उपसून नेतात. कार्निटिनच्या खांद्यावरून चरबी मायटोकॉन्ड्रियात जाते, आणि ते कमी पडलं की लहान मुलाची साखर धाडकन खाली येते. जपानच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये डॉक्टरांना याचा इशारा दिला. ही नावं मी मुद्दाम घेतेय. 'अँटिबायोटिक वाईट' असं म्हणणाऱ्याला यांतलं एकही नाव घ्यावं लागत नाही, आणि 'अँटिबायोटिक सुरक्षित' म्हणणाऱ्यालाही नाही.

आता पहिल्या बाजूच्या आवडत्या सल्ल्याकडे येऊ, संसर्ग अंगावर काढण्याच्या. या सल्ल्यामागे असं गृहीत आहे की संसर्ग मायटोकॉन्ड्रियाला हातही लावत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. विषाणू पेशीत शिरल्याची पहिली वर्दी पोचते ती मायटोकॉन्ड्रियाच्याच अंगावर. २००५ मध्ये शोधल्या गेलेल्या एमएव्हीएस नावाच्या प्रथिनाची जागा मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर आहे, आणि इंटरफेरॉनची, म्हणजे पेशींना विषाणूविरुद्ध सावध करणाऱ्या प्रथिनांची, हाक तिथून दिली जाते. लढाईचा नगारा तिथेच वाजत असेल तर शत्रूही तिथेच येणार. इन्फ्लुएन्झाच्या काही वाणांमधलं एक छोटं प्रथिन थेट मायटोकॉन्ड्रियात घुसून पेशीला मरणाच्या वाटेला लावतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीरच कोलमडायला लागतं तेव्हा, तर रक्तात प्राणवायू पुरेसा असूनही पेशींना तो वापरता येत नाही. सेप्टिक शॉकने अतिदक्षता विभागात असलेल्या प्रौढांच्या स्नायूंचे नमुने २००२ मध्ये तपासले, तेव्हा जे दगावले त्यांच्या स्नायूंत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जगलेल्यांपेक्षा कमी होतं. सेप्सिस झालेल्या मुलांच्या रक्तपेशींमध्येही मायटोकॉन्ड्रियाची श्वसनक्षमता घटल्याचं पुढे दिसलं. साधा तापसुद्धा फुकट येत नाही. अंगाचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो, आणि तोही नेमका त्याच वेळी जेव्हा मूल तोंडात घास घेत नाही.

निरोगी मूल हा खर्च भागवतं. साठवलेली साखर संपली की चरबी जाळतं, दोनचार दिवसांत उठून खेळायला लागतं. पण ज्याच्या मायटोकॉन्ड्रियात जन्मतःच काही उणं आहे, त्याचं काय? असे जन्मजात आजार साधारण पाच हजारांत एकाला असतात. लेह सिंड्रोम असलेलं बाळ पहिले काही महिने अगदी छान हसतं, मान धरतं, आणि मग एका सर्दीतापानंतर शिकलेलं विसरायला लागतं. जपानमध्ये फ्लूनंतर मेंदूला सूज येऊन दगावणाऱ्या मुलांचा अभ्यास करताना त्यांतल्या काहींमध्ये सीपीटी-२ या एन्झाइमचा एक वेगळा प्रकार सापडला. नेहमीच्या तापमानाला ते एन्झाइम जेमतेम काम भागवतं, अंग ४०-४१ अंशांवर तापलं की कोलमडतं. चरबी जाळण्याची वाट ऐन गरजेच्या वेळी बंद. अशा मुलाला 'ताप शरीराला शिकवतो' म्हणून तसंच ठेवायचं? कोणत्या तोंडाने सांगायचं हे त्याच्या आईला?

लसीचा मुद्दा इथेच येतो, थोडक्यात सांगते. २००८ मध्ये अमेरिकेत एका मुलीच्या बाबतीत, आधीपासून असलेला मायटोकॉन्ड्रियाचा विकार लसीनंतर बळावला हे सरकारी भरपाई योजनेने मान्य केलं, आणि तेव्हापासून ही गोष्ट लस टाळण्याचं कारण म्हणून फिरवली जाते. त्या कुटुंबाचं दुःख खरं आहे. पण अशा विकाराच्या मुलांवर उपचार करणारे तज्ज्ञ या मुलांना लस द्यावी असंच सांगतात. लसीने येणारा दीड दिवसाचा ताप जर धोक्याचा असेल, तर गोवर किंवा फ्लू किती धोक्याचा असेल? ज्याला ठिणगीची भीती आहे त्याने वणव्यापासून तर आधी दूर राहायला हवं.

इतिहासात या तिघांची गाठ, म्हणजे संसर्ग, औषध आणि मुलाच्या पेशीतलं उणं, सर्वांत स्पष्ट दिसते ती राय सिंड्रोममध्ये. १९६३ मध्ये सिडनीतले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. साधी सर्दीखोकला, कुठे कांजिण्या. मूल बरं होतंय असं वाटत असतानाच उलट्या सुरू. मग बरळणं, झटके, गुंगी. २१ पैकी १७ मुलं गेली. शवविच्छेदनात मेंदू सुजलेला, यकृत चरबीने भरून पिवळं पडलेलं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या पेशी पाहिल्या तेव्हा मायटोकॉन्ड्रिया फुगून विद्रूप झालेले दिसले. काय झालं होतं? बराच काळ कुणालाच उमगलं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आजारी मुलांची आणि तसाच ताप येऊनही बऱ्या झालेल्या मुलांची तुलना केली गेली, आणि एक गोष्ट वर आली. आजारी पडलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांना तापासाठी ॲस्पिरिन दिलं होतं. ॲस्पिरिन! १८९९ पासून घराघरात असलेलं, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी घेतलेलं औषध.

त्यानंतर जे झालं ते दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी इशारा दिला, पण बाटलीवर सक्तीची सूचना यायला १९८६ उजाडलं, कारण उत्पादकांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगत विरोध केला. 'तपासलेलं औषध आहे, शंका काढू नका' म्हणणाऱ्यांनी ती मधली वर्षं विसरू नयेत. पण शंका सिद्ध कशी झाली? कुणी तरी मनाशी ठरवलं म्हणून नाही. मोजून, तुलना करून, एका औषधाचं नाव घेऊन, एका वयोगटाबद्दल बोलून ती सिद्ध झाली. ताप उतरवणारी सगळीच औषधं वाईट असं कुणी म्हटलं नाही. ॲस्पिरिनच्या जागी पॅरासिटामॉल आलं. अमेरिकेत १९८० च्या सुमारास एका वर्षात ५५५ मुलांची नोंद झाली होती, १९८७ नंतर ती वर्षाला ३६ च्या वर गेली नाही. कावासाकी या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात ॲस्पिरिन मुलांना अजूनही देतात, कारण तिथे त्याचा उपयोग धोक्यापेक्षा मोठा आहे. आणि मागे वळून पाहताना हेही लक्षात आलं की राय सिंड्रोम म्हणून नोंदलेल्या काही मुलांना प्रत्यक्षात चरबी जाळण्याचा जन्मजात विकार होता. त्यांतला एमसीएडी नावाचा विकार आज अनेक देशांत जन्मल्याबरोबर टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर ओळखला जातो. त्या मुलाच्या आईवडिलांना मग एकच नियम कायमचा शिकवतात. आजारपणात उपाशी ठेवायचं नाही. उलटी थांबत नसेल तर उजाडायची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, बरोबर पत्र न्यायचं, आणि ग्लुकोजची सलाइन लावून घ्यायची. एक थेंब रक्त आणि एक पत्र, एवढ्यावर मूल वाचतं. भीती पसरवणाऱ्या शंभर लेखांनी एकही वाचत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त जड जातं. १९९४ मध्ये सिद्ध झालं की एचआयव्ही असलेल्या गरोदर आईला आणि नंतर बाळाला झिडोवुडिन दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतं. पाच वर्षांनी फ्रान्समधून बातमी आली. ज्यांना लागण झालेलीच नाही, पण औषध पोटात असताना मिळालं, अशा आठ बाळांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड आढळला, त्यांतली दोन दगावली. कारणही समजण्यासारखं होतं. झिडोवुडिन हा विषाणूची नक्कल थांबवण्यासाठी बनवलेला, डीएनएच्या साखळीतला खोटा दुवा आहे. तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल करणारं एन्झाइमही खरा मानून बसतं, आणि साखळी तुटते. आता सांगा, तेव्हा काय करायला हवं होतं? औषध बंद? मग शंभरातली सतरा बाळं जास्त एचआयव्ही घेऊन जन्माला आली असती, आणि त्या काळी त्याचा अर्थ बहुतेकांना मरण असाच होता. की बातमी दाबायची, लोक घाबरतील म्हणून? दोन्ही केलं गेलं नाही. बाळांवर लक्ष ठेवलं गेलं, सौम्य औषधं शोधली गेली. मायटोकॉन्ड्रियाला जास्त त्रास देणारं एचआयव्हीवरचं स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं. आज वेळेवर उपचार मिळाले तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली आणता येतं. हे यश नकारातून आलेलं नाही आणि बेफिकिरीतूनही आलेलं नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. त्याआधी मुलाला क्षयाचा मेंदूज्वर झाला की मरण ठरलेलं होतं. ब्रिटनमध्ये १९४८ साली त्या उपचाराचा अहवाल आला तेव्हा तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गटच नव्हता, कारण औषधाविना काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मुलं वाचली, आणि त्यांतली काही बहिरी झाली. त्या आईवडिलांनी जो सौदा स्वीकारला त्यावर बोट ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तेव्हापासून एक कोडं राहिलं. कुणाला महिनाभर औषध देऊन काही होत नाही, आणि कुणाची एका इंजेक्शनात ऐकण्याची ताकद जाते, ती का? आणि काही घरांमध्ये एकामागून एक, पिढ्यान्‌पिढ्या, हे का घडतं?

१९९३ मध्ये उत्तर मिळालं. मायटोकॉन्ड्रियाच्या १६,५६९ अक्षरांतलं १५५५ वं अक्षर काही लोकांत बदललेलं असतं. ॲडेनिनच्या जागी ग्वानिन. या एका बदलाने मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमचा तो तुकडा जिवाणूच्या रायबोसोमसारखा वळतो. म्हणजे कोट्यवधी वर्षांत पडलेलं अंतर एका अक्षराने पुसलं जातं, आणि स्ट्रेप्टोमायसिनला किंवा त्याच्याच गटातल्या जेंटामायसिनला आपला मायटोकॉन्ड्रिया जिवाणूच वाटायला लागतो. कानाच्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी सुमारे पंधरा हजार असतात आणि गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. युरोपातल्या मुलांच्या अभ्यासात हा बदल साधारण पाचशेंत एकाकडे आढळला. हा बदल असलेला प्रत्येक जण बहिरा होतोच असं नाही, आणि हा बदल नसतानाही जास्त डोसने कान जाऊ शकतात. तरीही टाळता येण्याजोगा बहिरेपणा म्हणतात तो हाच.

आता हे कुठे घडतं ते जवळून बघा. वेळेआधी जन्मलेलं बाळ, काचेच्या पेटीत. श्वास थांबतोय, रंग उतरतोय, संसर्ग असावा अशी शंका. निर्णय झाल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिक बाळाच्या शिरेत गेलं पाहिजे, तो तास गेला तर जीव जाऊ शकतो. पेनिसिलिनबरोबर जेंटामायसिन, हीच जगभरची नेहमीची जोडी. डॉक्टर इतकी वर्षं म्हणत आले की जनुकीय तपासणीला दिवस लागतात, आमच्याकडे एक तास आहे. हा युक्तिवाद मजबूत होता. मीही तो मान्य केला असता. पण मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या दोन नवजात विभागांमध्ये परिचारिकांनी बाळाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, खाटेशेजारच्या यंत्रात घातली, आणि २६ मिनिटांत उत्तर मिळालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७५१ बाळं तपासली गेली. तीन बाळांमध्ये तो बदल सापडला, तिघांनाही दुसरं औषध दिलं गेलं, आणि बाकी कुणालाही अँटिबायोटिक मिळायला उशीर झाला नाही. २०२३ मध्ये उपचार आणि तपासण्या पारखणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने पुढचा पुरावा जमवत ही तपासणी वापरायला संमती दिली.

तीन बाळं म्हणजे आकडा छोटा आहे का? ज्यांच्या घरची ती बाळं आहेत त्यांना विचारावं. आणि 'दुर्मिळ आहे, सगळ्यांची कशी तपासणार' या वाक्याने आपण किती मुलांचे कान आजवर घालवले, तेही विचारावं. शंका घेणाऱ्यांनीही बघावं, की त्या विभागात औषध कुणी नाकारलं नाही. बाळाला तासाच्या आतच औषध मिळालं, फक्त योग्य ते मिळालं.

यंत्र सगळीकडे पोचायला वेळ लागेल. तोवर एक प्रश्न विचारायला काहीच लागत नाही, आणि तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. म्हणजे हा पूर्णपणे आजोळचा वारसा. आजीकडून आई, मामा आणि मावशीकडे तो सारखाच येतो, पण पुढे मावशीच्या मुलांकडे जातो, मामाच्या मुलांकडे जात नाही. तेव्हा 'घरात कुणाला कमी ऐकू येतं का' असं मोघम विचारून भागत नाही. वडिलांकडच्या आजोबांना म्हातारपणी आलेला बहिरेपणा इथे कामाचा नाही. मावसभावाला लहानपणी तापात इंजेक्शनं दिल्यावर ऐकू येईनासं झालं होतं, ही माहिती मात्र सोन्यासारखी आहे. आपल्या भाषेत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार वेगळे शब्द आहेत. केस पेपरवर त्यांतला योग्य शब्द लिहायला दोन सेकंद पुरतात.

बेफिकिरीचा आणखी एक नमुना आहे, जो मला रोजच्या वापरातला आणि म्हणून जास्त त्रासदायक वाटतो. विषाणूने झालेल्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून देणं. तिथे फायदा शून्य असतो, त्यामुळे धोका कितीही लहान असला तरी सौदा तोट्याचाच. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले असा अंदाज आहे. साधी औषधं निकामी झाली की मुलाला लिनेझोलिडसारख्या, मायटोकॉन्ड्रियाला जड जाणाऱ्या औषधांकडे न्यावं लागतं. मायटोकॉन्ड्रियाची खरी काळजी असणाऱ्याने आधी या अनावश्यक कोर्सविरुद्ध उभं राहावं. तिथे डॉक्टरला 'हे जिवाणूमुळेच आहे का, किती दिवस द्यायचं, पाच दिवसांत भागेल का' असं विचारणं हा उद्धटपणा नाही.

आणि जे लोक ही भीती जागी करून लगेच मायटोकॉन्ड्रिया 'दुरुस्त' करणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल विकतात, त्यांच्याबद्दल मी फार शब्द खर्च करणार नाही. को-एन्झाइम क्यू-टेन शरीरात बनतच नाही अशा दुर्मिळ विकारात ते खरोखरचं औषध आहे. न्यूमोनियातून उठलेल्या सुदृढ मुलाला मात्र झोप, जेवण आणि थोडे दिवस हवे असतात.

१९९० मध्ये पाच वर्षांखालची सव्वा कोटींहून जास्त मुलं दगावली होती, २०२२ मध्ये ४९ लाख. हा फरक पडला त्यात लस, स्वच्छ पाणी, जलसंजीवनी आणि अँटिबायोटिक या सगळ्यांचा वाटा आहे. औषध नाकारायला सांगणाऱ्याने हा आकडा समोर ठेवून बोलावं. आणि औषध लिहून देणाऱ्याने काचेच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या आईला एवढं विचारावं, की तुमच्या आईला, भावाला, बहिणीला किंवा बहिणीच्या मुलांना लहानपणी कुठलं इंजेक्शन घेतल्यावर ऐकू येईनासं झालं होतं का. ती जेवढा वेळ आठवायला घेईल, तेवढा वेळ सिरिंज भरायलाही लागतोच.